बर्फाच्या पाण्यातला अर्धा तास

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीला गच्चीवर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. दूध आटायला तेवढाच वेळ लागणार आहे, असं महिला मंडळाकडून कळलं. म्हणजे दूध आटेपर्यंतची करमणूक म्हणून मला उभं केलंय, हे मी ओळखून आहे.

गेल्या वर्षी जुलैत सोसायटीच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला होता, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. काळा जाडजूड पोशाख, डोक्याला घट्ट टोपी, डोळ्यांवर काच आणि ओठ जांभळे. कुणी लिहिलं, 'काकू चंद्रावर.' कुणी लिहिलं, 'काकू, गॅस सिलिंडर कुठाय?' आणि एकाने विचारलं, 'फोटोत काका कुठे आहेत?' त्या प्रश्नाला मी नुसता एक हसरा चेहरा पाठवून दिला होता. खरं उत्तर आज देणार आहे. काका तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेतली आहे. 'सांग, पण माझी बाजूही सांग,' या अटीवर ती मिळाली.

तर स्नॉर्केलिंग म्हणजे काय, हे मालवणला जाऊन आलेल्यांना सांगायला नको. डोळे आणि नाक झाकणारा मास्क लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. बुडी मारायची नसते. आम्ही दोघांनी ते पहिल्यांदा केलं ते मालवणलाच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ. पाणी कोमट, खाली रंगीत मासे, आणि हे बोटीत परत आले ते दहावीत पहिला नंबर आल्यासारखे. तेव्हापासून यांना नाद लागला. रात्री जेवताना आमच्याकडे मालिका बंद आणि पाण्याखालचे व्हिडिओ सुरू. त्यातच एक दिवस आइसलँडमधली सिल्फ्रा नावाची भेग सापडली. बर्फाचं पाणी, दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती, आणि पाणी इतकं नितळ की माणसं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. 'एकदा तरी इथे,' हे म्हणायचे. मी म्हणायची, 'हो, जाऊ या.' बायका म्हणतात तसं.

मग दोन वर्षांपूर्वीची ती रात्र आली. ती तुम्हाला मी काय सांगणार? गाडी काढणारे, फाटक उघडून धरणारे, आमच्या घरात जाऊन गॅस बंद आहे का ते बघून कुलूप लावणारे, सगळे इथेच समोर बसले आहेत. दोन स्टेंट बसले. सहा महिन्यांत हे पुन्हा खाली चकरा मारायला लागले. आम्ही समजलो, आइसलँड आता डोक्यातून गेलं असेल. कसलं जातंय!

आमची लेक कोपनहेगनला असते. तिने उन्हाळ्यात पाच दिवसांची आइसलँडची सहल ठरवली आणि बाबांसाठी म्हणून सिल्फ्राच्या तीन जागा घेतल्या, आम्ही दोघं आणि ती. जावई आणि नात रेक्याविकला थांबणार होते, कारण बारा वर्षांखालच्या मुलांना पाण्यात घेत नाहीत. बुकिंगबरोबर एक फॉर्म आला. पोहता येतं का? रक्तदाबाची औषधं चालू आहेत का? हृदयाचा, फुप्फुसाचा काही त्रास? वय साठच्या वर असेल तर डॉक्टरांची सही. मी सत्तावन्नची, औषध कुठलंच नाही, त्यामुळे माझा फॉर्म दोन मिनिटांत झाला. पोहण्याचं म्हणाल तर मी साताऱ्याकडची. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेली पिढी आमची.

यांचा फॉर्म घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण इथल्या निम्म्या घरांत त्याचा उपयोग आहे. गार पाणी अचानक अंगाला लागलं की माणसाला एकदम धाप लागते, ती आपल्या हातात नसते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय धावायला लागतं. आणि चेहरा गार पाण्यात गेला की शरीर बरोबर उलटा हुकूम सोडतं, ठोके कमी कर. एकाच वेळी एक जण म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. धडधाकट हृदय ही ओढाताण निभावून नेतं. दुरुस्ती झालेल्या हृदयाचे ठोके त्यात चुकू शकतात. 'मी सही करणार नाही,' डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही काठावरून बघा.'

रिक्षात हे एक अक्षर बोलले नाहीत. घरी चप्पल काढता काढता म्हणाले, "ड्रायसूटमध्ये पाणी अंगाला लागतच नाही." मी म्हटलं, "तोंडाला लागतं ना?" त्यावर गप्प. दोन दिवसांनी आपणहून म्हणाले, "ठीक आहे, मी काठावरून फोटो काढीन." मी निःश्वास टाकला आणि चकल्यांच्या तयारीला लागले.

आता थोडं त्या जागेबद्दल. सिल्फ्रा आहे थिंगवेलिर नावाच्या राष्ट्रीय उद्यानात, रेक्याविकपासून गाडीने तासाभराच्या आत. तिथे इसवी सन 930 मध्ये आइसलँडच्या लोकांची पहिली सभा भरली. आल्थिंग तिचं नाव. पुढे शेकडो वर्षं दर उन्हाळ्यात देशभरातून लोक घोड्यांवरून तिथे येत आणि उघड्यावर सभा चाले. म्हणजे आपली वार्षिक सर्वसाधारण सभाच म्हणा ना, फक्त वडापाव नाही. कायदे लिहिलेले नव्हते, तेव्हा एक माणूस खडकावर उभा राहून कायदे तोंडपाठ म्हणायचा. दर वर्षी एक तृतीयांश, तीन वर्षांत सगळे. सेक्रेटरीसाहेब, आपले उपविधी असे म्हणून दाखवायचे ठरवलं तर पुढच्या वर्षी निवडणुकीला कोणी उभं राहील का? (हशा)

त्याच जागी जमीन फाटते आहे. उत्तर अमेरिकेचं भूपट्ट एका बाजूला, युरेशियाचं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरनं एकमेकांपासून दूर जातात. त्या ताणाने जमिनीला भेगा पडल्या आहेत आणि सिल्फ्रा ही त्यांतली एक, पाण्याने भरलेली. 'दोन खंडांना दोन हात लावा,' असं जाहिरातीत म्हणतात, ते मात्र अर्धसत्य. दोन पट्टांमधला फाटलेला पट्टा कित्येक किलोमीटर रुंद आहे आणि ही भेग त्याच्या आत कुठेतरी आहे. पण हात लावताना मजा येते, हे मी कबूल करते.

पाणी येतं लांगयोकुल नावाच्या हिमनदीचं, तिथून साधारण पन्नास किलोमीटरवरून. ते वरून वाहत येत नाही, लाव्हाच्या खडकातून झिरपत जमिनीखालून येतं. त्याला तीस ते शंभर वर्षं लागतात म्हणतात. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त आपला कोट्यवधी वर्षांचा म्हातारा आणि त्यांचा काही हजार वर्षांचा, अजून सच्छिद्र. एवढं गाळून आलेल्या पाण्यात कणभर गढूळपणा नसतो. शंभर मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं. आणि तापमान बारा महिने दोन ते चार अंश. आपल्या फ्रिजमधली बाटली त्यापेक्षा जरा कमीच गार असते.

तर आम्ही सकाळी तिथल्या गाडीतळावर पोचलो. हवा दहा अंश असेल, वारा बोचरा. कंपनीची गाडी उभी होती आणि बाहेर पोशाख टांगलेले, प्रत्येकाच्या उंची-वजनाप्रमाणे आधीच काढून ठेवलेले. गाईड म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. लेक म्हणाली, "बाबा, हा तुमचा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पोशाखाकडे बघत होते.

तिथे उभ्या उभ्या मला उलगडा झाला. लेकीला यांनी सांगितलं होतं की डॉक्टरांनी परवानगी दिली. मला सांगितलं होतं की काठावर थांबीन. आणि आपला फॉर्म स्वतःच्या फोनवरून भरला होता, वय एकोणसाठ, बाकी सगळीकडे 'नाही'ला खूण. वयाची पाच वर्षं आणि दोन स्टेंट एका अंगठ्याने पुसून टाकले होते.

गाईडने कागद हातात घेतले आणि एकेकाला तोंडी विचारायला सुरुवात केली. हृदयाचा काही त्रास? श्वासाचा? आमच्या आधी दोन जोडपी होती. तेवढ्यात मला यांना बाजूला घेता आलं असतं. मी घेतलं नाही. मला वाटत होतं, आता तरी हे आपणहून सांगतील. यांची पाळी आली. "नो," हे म्हणाले. "नो. नो."

मी बोलले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी अडखळलं नाही. वय चौसष्ट, दोन स्टेंट, गोळ्या चालू, डॉक्टरांनी सही दिली नाही. सात-आठ अनोळखी माणसांसमोर. ती मुलगी रागावली नाही, की कपाळाला आठीही घातली नाही. "सांगितल्याबद्दल आभार," एवढंच म्हणाली आणि यांच्या नावावर रेघ मारली. हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "झालं समाधान?"

यांची बाजू इथे सांगायची आहे. यांचं म्हणणं, स्टेंट बसल्यापासून घरात जो तो यांना काचेच्या भांड्यासारखा उचलून ठेवतो. जिना नको, पिशवी नको, दुसरी पोळी नको. एक गोष्ट यांना स्वतःच्या मर्जीने करायची होती. आणि बायकोने आपल्याला उघडं पाडायचंच होतं तर हॉटेलवर पाडायचं, चारचौघांत नाही. यातलं दुसरं मला मान्य आहे. आदल्या रात्री हे फारच खुशीत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी म्हटलं, "मग मीही नाही उतरत." हे म्हणाले, "पैसे भरलेत. जा."

ड्रायसूट चढवणं हे नऊवारी नेसण्यापेक्षा अवघड काम आहे. आत लोकरीचे कपडे, त्यावर रजईसारखा एक अंगरखा, त्यावर हा जाड पोशाख, पाय मोज्यांसकट बंद. मनगटाला आणि गळ्याला रबराच्या घट्ट पट्ट्या, त्यातून पाणी आत येता कामा नये. वेटसूटमध्ये थोडं पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने तापतं, ते इथे चालत नाही. इथे पाण्याऐवजी आत हवा राहते आणि तीच ऊब धरते. गळ्याच्या पट्टीखाली काही राहिलं तर तिथून पाणी घुसतं, म्हणून गाईडने खुणेने सांगितलं, गळ्यातलं काढा. हातातलंही.

मंगळसूत्र मी बाळंतपणात आणि ऑपरेशनच्या वेळी सोडलं तर कधी काढलेलं नाही. बांगड्या, अंगठी आणि ते, सगळं एका मुठीत धरून मी यांच्यासमोर गेले. यांनी ओंजळ पुढे केली. बोलले नाहीत. खिशात ठेवलं. त्याच खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी असते, तिचा खुळखुळाट मला ऐकू आला.

मग मास्कच्या काचेवर थुंकी चोळायची, म्हणजे ती धुरकट होत नाही (बालगोपाळांनो, हे घरी करून बघू नका), आणि लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरायचं. कमरेपर्यंत काहीच कळत नाही. पोशाख अंगाला आवळत जातो, एवढंच. हातमोजे आणि टोपी मात्र स्पंजाची असतात, त्यात पाणी शिरतंच. बोटं पहिल्या मिनिटात ओरडायला लागली. आणि मग तोंड पाण्यात घातलं.

डॉक्टर म्हणाले होते ते अक्षरशः झालं. छाती एकदम आखडली, धाप लागली, नळीतून माझाच घोरल्यासारखा आवाज यायला लागला. कपाळ बधिर, ओठ बधिर. मी डोकं वर काढलं. गाईड म्हणाली, सावकाश, लांब श्वास सोडा. दुसऱ्यांदा घातलं. पुन्हा धाप, जरा कमी. तिसऱ्यांदा श्वास ताळ्यावर आला. मी मनात म्हटलं, माझ्या धडधाकट छातीची ही गत, तर यांचं काय झालं असतं? आणि आतला राग तिथेच जरा विरघळला. यांच्यावरचा नाही हं, स्वतःवरचा.

मग खाली पाहिलं.

मला नीट सांगता येईल का, ठाऊक नाही. पाणी दिसतच नाही. तुम्ही एका अरुंद दरीवर पालथे तरंगत आहात आणि खाली दगड, त्याखाली दगड, मग निळं, मग गडद निळं. मला पहिल्यांदा वाटलं, मी पडणार. विहिरीच्या काठावरून वाकल्यावर पोटात कालवतं, तसं कालवलं. पण पोशाखातली हवा बुडू देत नाही. पन्नास वर्षांनी पाठीला पुन्हा भोपळा बांधला होता म्हणा. पाय मारायचीही गरज नाही, पाण्याला हलकी ओढ आहे, ती पुढे नेते.

मासे बघायला जाणाऱ्यांची तिथे निराशा होईल, मला एकही दिसला नाही. शेवाळ मात्र आहे. पोपटी, लांब, केसांसारखं. त्याला तिथले लोक ट्रोल म्हणजे त्यांच्याकडच्या राक्षसाचे केस म्हणतात. भेग कुठे इतकी अरुंद की दोन्ही हातांनी दोन्ही भिंतींना शिवता यावं, कुठे एकदम रुंद. मधल्या एका भागाला कॅथीड्रल म्हणतात. तिथे या टोकावरून थेट त्या टोकापर्यंत दिसतं, शंभर मीटर असेल, आणि तळ वीसेक मीटर खाली. वरून ऊन पडलं की तळाच्या दगडांवर लाटांची जाळी हलते आणि तुमची स्वतःची सावलीही खाली दिसते, एक छोटा काळा बेडूक. मी नळी काढून एक घोट पाणी प्याले. पिता येतं ते. गडावरच्या टाक्यातलं गार पाणी प्यालेल्यांना चव कळेल, म्हणजे चव नसण्याची चव. माझ्या जन्माआधी बर्फातून सुटलेलं पाणीही असेल त्यात.

एका वळणावर मी डोकं वर काढलं. वर काठाच्या वाटेने एक लाल जाकीट माझ्याबरोबर चाललं होतं. एक हात खिशावर घट्ट, दुसऱ्या हातात फोन. मी थांबले की ते थांबायचं. मी पुढे सरकले की ते पुढे. मी हात वर केला. लाल जाकिटाने हात हलवला नाही, फोटो काढला. तोच तो फोटो.

शेवटी एक उथळ तळं लागतं. तिथे ओढ सोडून डावीकडे वळून पाय मारावे लागतात. तोवर बोटं माझी राहिली नव्हती. लेक पुढून ओरडत होती, "आई, हात पाठीवर धर, पाण्याबाहेर!" हे मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. कुणी जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, आणि आतून सुती घालू नका, लोकर घाला. बाहेर आले तेव्हा पस्तीस-चाळीस मिनिटं झाली होती. डाव्या हाताची पट्टी जरा ढिली होती, त्या बाहीत कोपरापर्यंत पाणी. गाईडने गरम चॉकलेटचा कप दिला, तो मला धरता येईना. दात कडकड वाजत होते.

हे आले. माझ्या हातातून कप घेतला, गाडीच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "आधी हातमोजे काढ." आणि एकेक बोट ओढून काढून दिले. मग माझे दोन्ही हात आपल्या जाकिटाच्या आत, काखेत धरले, लहान मुलाचे धरतात तसे. लेक दुसरीकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "चिडलात?"

"हो," हे म्हणाले. आणि जरा वेळाने, "निळं खरंच तसं दिसतं का ग, व्हिडिओतल्यासारखं?"

मी म्हटलं, "नाही. जास्त."

त्यावर यांनी जे विचारायला सुरुवात केली ती रात्री अकरापर्यंत. तिकडे जुलैत रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे झोपेची आठवण कुणाला व्हायची? तळ कसा दिसला, भिंतीला हात लावला तर कशी लागते, नळीत पाणी गेलं का. मी दहा वेळा सांगितलं. परत आल्यावर डॉक्टरांनाही मी सगळं सांगितलं, यांच्यासमोरच, या वेळी आधी विचारून. डॉक्टर हसले. काही तपासण्या केल्या आणि म्हणाले, कोमट पाण्यात, पोहणारं कुणी बरोबर असेल तर हरकत नाही. या डिसेंबरात आम्ही मालवणला चाललो आहोत. फॉर्म आला आहे. यांनी तो भरला, वय पासष्ट लिहिलं, स्टेंट लिहिले, औषधांची नावं लिहिली, आणि सही करण्याआधी माझ्याकडे वाचायला दिला.

दूध झालं, असं मागून खुणावतायत. एकच विनंती. यांचं दूध बिनसाखरेचं आहे, ते जिन्याशेजारच्या छोट्या पातेल्यात वेगळं ठेवलंय. तिसऱ्या रांगेतून कुणी मोठ्या पातेल्याकडे जाताना दिसलं, तर मला सांगा.